नऊ किती, शून्यं किती

१२ जानेवारी

चि. ठकूस,

मामाचा आशीर्वाद. मामीचा ती स्वतः खाली लिहील. माझ्या आशीर्वादात वाटेकरी व्हायला तिला आवडत नाही.

परवा फोनवर तू घाईघाईनं आकडे सांगायला लागलीस आणि मी तुला मध्येच तोडलं. राग मानू नकोस. फोनवर ख्यालीखुशाली विचारावी, आकडा सांगू नये. कानातून आत जाताना वाटेत त्याचे हातपाय मोडतात. आकडा कागदावरच यावा आणि कागदावरच जावा. म्हणून हे पत्र, आणि यापुढे जे विचारायचं ते पत्रानंच विचार.

मला जे समजलं ते आधी लिहितो, चुकत असेन तर सांग. धाग्याची गिरणी बंद पडली. आता या गिअरच्या कारखान्यातल्या मालकीणबाई तुला मार्चअखेरपर्यंत पारखून बघणार. जमलं तर मशीन तुझ्या हवाली. नाही जमलं तर पुन्हा भावाच्या घरी, जिन्याखालच्या त्या खोलीत, जिथे उभं राहायचं तर मान वाकडी करावी लागते. माझ्याकडे होतीस तेव्हा दाते कापायला तू शिकलीस. तुझा हात माझ्या बरोबरीचा म्हणणार नाही, माझ्या खालोखालचा आहे. पण हिशोब मी करून द्यायचो आणि तू कापायचीस. तिथे हिशोबही तुलाच करायचाय, आणि तो येतो असं तू मालकीणबाईंना सांगून बसली आहेस. शोभतेस खरी माझी भाची.

आता मुद्दा. तुमच्याकडचे जुने कागद कुणीतरी कॅल्क्युलेटरवरून उतरवलेत, त्यामुळे दोन चाकांचं प्रमाण दशांशात लिहिलेलं असतं. ०.२७२७२७ आणि पुढे टिंबं. पण चाकावर टिंबं कापता येत नाहीत. चाकाला दाते लागतात, पुरते, मोजलेले. या चाकाला इतके, त्या चाकाला तितके. म्हणजे अपूर्णांकच हवा.

तो असा काढायचा. ०.२७२७२७... ही मूळ संख्या. तिची शंभरपट २७.२७२७२७... . दोघींच्या पॉइंटच्या पुढच्या शेपट्या बघ. न संपणाऱ्या, पण तंतोतंत सारख्या. मोठीतून धाकटी वजा केली की शेपटीनं शेपटी कापली जाते आणि हातात नुसते २७ उरतात. शंभर वेळा घेतली होती, एकदा वजा केली, म्हणजे ते २७ हे मूळ संख्येच्या नव्व्याण्णव पट. म्हणून मूळ संख्या २७ भागिले ९९, म्हणजे ३/११. एका चाकाला १८ दाते, दुसऱ्याला ६६. झालं काम.

हे एकदा कळलं की शेपट्यांचं विसरलीस तरी चालेल. त्याचा नियम मी करून ठेवलाय: जितके अंक पुन्हापुन्हा येतात तितके नऊ खाली मांडायचे. हा मला कुठल्या मास्तरानं शिकवला नाही. मास्तरांची आणि माझी गाठ सातवीतच सुटली. हा मी लेथसमोर उभा राहून, खडूनं पत्र्यावर लिहून काढला.

आणि कापण्याआधी ताळा. वरच्याला खालच्यानं भागायचं आणि मूळ दशांश परत येतो का बघायचं. ताळा न करता जो कटर खाली आणतो, त्याच्या हातात मी कानस सुद्धा देणार नाही.

तुझा
मामा

ठकू, खोलीला खिडकी आहे का ते कळव. हे एवढं लिहीत बसले पण ते विचारायचं यांना सुचलं नाही. जेवत जा. — मामी


२ फेब्रुवारी

ती. मामा आणि मामी यांना ठकूचा नमस्कार.

आधी मामीचं उत्तर. खिडकी आहे. ती उघडली की समोर पंक्चरवाल्याची भिंत, आणि भिंतीवर टांगलेले जुने टायर. ऊन मात्र सकाळी टायरांच्या भोकांतून येतं आणि माझ्या अंथरुणावर गोल गोल पडतं. मला आवडते खोली. मान सरळ राहते.

कारखाना लांबट आहे, पत्र्याचा. मालकीणबाई दाराशी काचेच्या केबिनमध्ये बसतात, पण काच पुसलेली मी बघितली नाही, त्यामुळे त्या आपल्याकडे बघताहेत की नाही हे कुणालाच कळत नाही. तेच त्यांना हवं असावं. फोरमन साठीचे आहेत. त्यांना सगळे चालेलकाका म्हणतात. पॉइंटनंतर दोन घरं ठेवली की पुढचं त्यांना सगळं चालतं. गेल्या वर्षी त्यांनी असेच शेपटीचे अंक छाटून एक जोडी कापली. ती ब्रॅकेट सरकवून बसली खरी, पण गिऱ्हाइकाकडे छपाई हळूहळू तिरकी जात राहिली आणि जोडी परत आली. तेव्हापासून मालकीणबाईंना हिशोब येणारं माणूस हवं होतं. काकांचा त्यावर राग नाही. मला म्हणाले, ये बाई, आजपर्यंत शिव्या मी एकट्यानं खाल्ल्या, आता निम्म्या तुला.

तुमच्या नियमानं पहिली जोडी कापली. कागदावर १.६३६३६३ होतं. एक बाजूला ठेवला, ६३ खाली ९९, म्हणजे ७/११. एक मिळवून १८/११. चाकं ३६ आणि २२. ताळा केला. बसली. काकांनी चाक हातात फिरवलं, दात्यांवरून नख ओढलं आणि म्हणाले, चालेल. ते नेहमीच म्हणतात, पण या वेळी थोडं थांबून म्हणाले.

आता अडले आहे. चिकट लेबलं छापायच्या मशीनची एक जोडी करायची आहे. जुनी चाकं गिऱ्हाइकानं भंगारात घातली, मोजायला काही उरलेलं नाही. कागदावर प्रमाण ०.९१६६६... असं आहे. म्हणजे सहाच तेवढा पुन्हापुन्हा येतो, नऊ आणि एक एकदाच येऊन जातात. मग खाली नऊ किती मांडायचे? सहाचा एक, की तिन्ही अंकांचे तीन? मी दोन्ही करून बघितलं, एकही जुळत नाही. काका म्हणतात, ०.९२ धर, चालेल.

मालकीणबाई म्हणाल्या, ही जोडी बघूनच तुझं ठरवते. एकच ब्लँक आहे, म्हणजे ज्यावर दाते कापायचे ती पोलादी चकती. मोठं चाक तयार आहे साठ दात्यांचं, छोटं माझ्यावर आहे. कापायच्या आधी तुमचं पत्र आलं तर बरं होईल.

तुमची
ठकू


८ फेब्रुवारी

चि. ठकूस आशीर्वाद.

०.९२ धरणाऱ्याला माझा नमस्कार सांग आणि त्याच्यापासून दोन हात लांब उभी राहा.

तुझा प्रश्न रास्त आहे. ही मिश्र जात. पुढे काही अंक एकदाच येणारे, मागे फिरणारे. याचाही नियम माझ्याकडे आहे, तू विचारला नव्हतास म्हणून सांगितला नव्हता. फिरणारा अंक पहिल्यांदा येईपर्यंतची संख्या घे: ९१६. तीतून न फिरणारा भाग वजा कर: ९१. उरले ८२५. हे वर. खाली काही नऊ आणि काही शून्यं. इथे दोन नऊ आणि एक शून्य, म्हणजे ९९०. आता ८२५ आणि ९९० दोन्हींना १६५ नं भाग जातो. वर पाच, खाली सहा. ५/६. मोठं चाक साठचं आहे म्हणतेस, तर छोटं पन्नासचं.

बघ कसं आलं. एवढा लांबलचक, शेपटीवाला आकडा आणि पोटातून निघाला पाच आणि सहा. इतका स्वच्छ अपूर्णांक आला की चुकीला जागाच राहत नाही. चुकलेलं उत्तर नेहमी वेडंवाकडं येतं, त्याला भलतेच छेद असतात. हा अनुभव आहे.

दारात पंपवाला उभा आहे, त्याचा शाफ्ट द्यायचाय, म्हणून इथेच थांबतो. बिनधास्त काप.

मामा

पंक्चरवाल्याला सांगून ते टायर जरा बाजूला करून घे. ऊन गोल कशाला, सबंध येऊ दे. — मामी


२२ फेब्रुवारी

ती. मामा, मामी, नमस्कार.

तुमचं पत्र वेळेवर मिळालं. जोडी कापली, गिऱ्हाइकाकडे जाऊन बसवली. काका आणि मी दोघं गेलो होतो. लेबलं सरळ निघाली. गिऱ्हाईक एक सबंध रीळ संपेपर्यंत आम्हाला हलू देईना. शेवटचं लेबल पहिल्यावर ठेवून बघितलं तेव्हा सोडलं.

तुमच्या पत्राचा फार उपयोग झाला.

मालकीणबाईंनी अजून काही म्हटलेलं नाही. मामी, टायर हलले नाहीत, पण पंक्चरवाल्यानं एक खाली काढून त्यात रोप लावलंय.

ठकू


१ मार्च

चि. ठकूस आशीर्वाद.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मामीला एकदा मोठ्यानं वाचून दाखवलं. तिचं म्हणणं पत्र आखूड आहे. मी म्हटलं, ज्याचं काम नीट होतं त्याचं पत्र आखूडच असतं. रडगाणंच लांब असतं.

समोरच्या घड्याळवाल्यालाही सांगितलं. तुला आठवत असेल, डोळ्याला भिंग लावून बसतो आणि भिंग न काढता माणसाशी बोलतो. मी म्हटलं, माझ्या भाचीनं माझ्या नियमानं छापखान्याचं चाक कापलं आणि रीळभर लेबलांत केसाचा फरक नाही. तो म्हणाला, केस कुणाचा? तुमच्या डोक्यावर तर नाही. असो. हा माणूस दुसऱ्याचं चांगलं ऐकलं की असंच काहीतरी बोलतो.

एक काम कर. दोन्ही चाकांचे दाते, व्यास, पोलाद कुठलं, कटर कुठला, सगळं नीट लिहून पाठव. मिश्र जातीची ही माझ्या नियमाची पहिलीच जोडी. मी आजपर्यंत जे कापलं ते सगळं निव्वळ फिरणाऱ्या अंकांचं होतं. हे सांगायचं राहून गेलं होतं.

मालकीणबाई बोलत नाहीत याची काळजी करू नकोस. काच पुसत नाही ते माणूस तोंडानंही पटकन बोलत नाही.

मामा


९ मार्च

ती. मामा, नमस्कार.

कामाची गर्दी आहे, म्हणून थोडक्यात. व्यास वगैरे सवडीनं लिहिते. इथे मला अजून तीन जोड्यांचे कागद दिलेत. काकांचा खोकला वाढला आहे, मामीनं काढ्याला सांगितलेलं ते आलं आणि मध चालेल का विचारा.

ठकू


१९ मार्च

चि. ठकू,

हे पत्र मिळताच जिथे असशील तिथून ते मशीन बंद करायला सांग.

चाक चुकलंय. माझ्यामुळे चुकलंय. तुझी यात काडीची चूक नाही, हे मी सोबतच्या दुसऱ्या पत्रात मालकीणबाईंना लिहिलं आहे. ते पाकीट बंद आहे, न उघडता त्यांना दे.

झालं असं. काल मी घड्याळवाल्याकडे बसून त्याला ते ९१६ आणि ९१ पत्र्यावर मांडून दाखवत होतो. ५/६ लिहून खाली रेघ ओढली. त्यानं भिंग काढलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्याचे दोन्ही डोळे एकदम बघितले. म्हणाला, "पाचाला सहानं भागलं की किती येतात हो?" मी म्हटलं, शून्य पॉइंट आठ, मग तीन, तीन, तीन. बोलता बोलताच माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तो म्हणाला, "आणि हवे होते नऊ, एक, सहा, सहा. मामा, तुमचं भाचीवर प्रेम आहे की वैर?"

मी उठून घरी आलो. नऊ आणि शून्यं मी उलटी मांडली. फिरणारा अंक एक, म्हणून नऊ एक. न फिरणारे दोन, म्हणून शून्यं दोन. खाली ९०० हवे होते, मी ९९० केले. ८२५ भागिले ९००, म्हणजे ११/१२. छोट्या चाकाला पन्नास नव्हे, पंचावन्न दाते हवे होते. आणि ताळा, ज्याच्यावर मी तुला प्रवचन दिलं, तो मी केला नाही. पाच आणि सहा इतके देखणे दिसले की त्यांच्यावर शंका घेणं मला अपमान वाटला. त्यांचा की माझा, कोण जाणे.

आता मला कळतंय तुझी पत्रं आखूड का. तू दाते लिहिले नाहीस. व्यास लिहिले नाहीस. काकांच्या खोकल्यावर पत्र संपवलंस. लेबलं सरळ निघाली असं लिहिलंस ते माझं मन राखायला. छपाई फाटली असणार, गिऱ्हाईक ओरडलं असणार, मालकीणबाई म्हणूनच गप्प आहेत. आणि तू ते सगळं एकटीनं गिळून मला 'फार उपयोग झाला' असं लिहितेस.

मी येतो आहे. माझं स्वतःचं डिव्हायडिंग हेड घेऊन येतो, चाकाचे मोजून समान भाग पाडायचं. तुमच्याकडचं कसं आहे मला माहीत नाही. ब्लँकही माझा आणतो. पंचावन्नचं चाक माझ्या हातानं कापून देतो आणि मालकीणबाईंना समोर उभं राहून सांगतो की हिशोब माझा होता. तुला त्या जिन्याखाली परत जाऊ देणार नाही.

मामा

ठकू, यांनी पिशवी भरली आहे. त्यात लोखंडच लोखंड आहे आणि एकच शर्ट. धड जेवत नाहीत. मी म्हटलं आधी पोरीला फोन करा, तर म्हणतात आकडा फोनवर सांगायचा नसतो. तूच मला फोन कर. — मामी


२२ मार्च

ती. मामा,

मामीला फोनवर एवढंच सांगितलं की निघू नका, पत्र येतं आहे. बाकी आकड्यांची गोष्ट आहे म्हणून तुमच्या शिस्तीप्रमाणे कागदावर.

लेबलं खरंच सरळ निघाली. मशीन आजही चालू आहे. चाक पंचावन्नचं आहे.

तुमचं आठ तारखेचं पत्र आलं तेव्हा मी ते जेवणाच्या सुट्टीत, ब्लँक मांडीवर घेऊन वाचलं. ५/६ वाचून मलाही फार बरं वाटलं. मग तुमच्याच सवयीनं ताळा करायला घेतला. पाचाला सहानं भागलं. ०.८३३३. मला वाटलं माझा भागाकार चुकला. पुन्हा केला. तिसऱ्यांदा केला तेव्हा माझं मलाच हसू आलं, पाचाला सहानं भागताना चुकायचं तरी किती. पण तुमचा आकडा चुकलाय असं काही केल्या मनात येईना. मामाचं उत्तर चुकू शकतं हा विचार करायला मला वेगळा ब्लँक लागला असता.

चालेलकाका बाजूला डबा खात होते. मी त्यांना सांगितलं की मामा पन्नास म्हणतात आणि भागाकार जमत नाही. ते म्हणाले, मग ०.९२ धर. मी म्हटलं, नाही धरणार. तेव्हा त्यांनी डबा बंद केला आणि म्हणाले, "पोरी, मामा म्हणतात म्हणून कापणार आहेस, की तुला पटतंय म्हणून? मी सबंध आयुष्य दुसऱ्यांच्या आकड्यांवर कापत आलो. म्हणून मला सगळं चालतं."

मग मी नियम बाजूला ठेवला आणि तुम्ही पहिल्या पत्रात सांगितलेल्या शेपट्या मांडल्या. मूळ संख्या ०.९१६६६... . तिची शंभरपट ९१.६६६... . शेपटीत नुसते सहा. तिची हजारपट ९१६.६६६... . हिच्याही शेपटीत नुसते सहा. मोठीतून धाकटी वजा, ८२५. हजारातून शंभर गेले, नऊशे. नऊशेपट संख्या ८२५ आहे. बस्स. तिथेच दिसलं की नऊ एक आणि शून्यं दोन का येतात. ती शून्यं शंभराची आहेत. नऊ आणि एक हे अंक शेपटीतून बाहेर ओढायला शंभरानं गुणावं लागलं, तीच खाली येऊन बसली. तुमच्या पत्रात नियम होता, शेपट्या नव्हत्या. शेपट्या मांडल्या असत्या तर तुमच्या हातून हे झालंच नसतं.

११/१२. ताळा केला. नऊ, एक, सहा, सहा, सहा, आणि दर वेळी बाकी आठच उरते, म्हणून सहा कधी संपतच नाहीत. बाकी तीच आली की अंकही तोच येणार. मला ते बघत बसावंसं वाटलं.

तरी मी लगेच कापलं नाही. काकांना घेऊन गिऱ्हाइकाकडे गेले आणि चाकं ज्यांवर बसतात त्या मशीनच्या दोन दांड्यांमधलं अंतर मोजलं. ते अंतर दोन्ही चाकांच्या दात्यांच्या बेरजेवर ठरतं, आणि ते पंचावन्न अधिक साठलाच जुळत होतं. पन्नासचं चाक लावलं असतं तर दाते दात्यांना शिवलेही नसते. परत आलो तर मालकीणबाई केबिनमधून बाहेर आल्या. म्हणाल्या, ब्लँक एकच आहे, बिघडला तर कुणाला बोलायचं ते आत्ताच सांगा. आकडा कुणाचा?

तुमचं पत्र माझ्या खिशात होतं. तोंडात 'मामांचा' हाच शब्द होता, सवयीनं. पण तो आकडा तुमचा नव्हता. मी म्हटलं, "माझा."

त्या म्हणाल्या, मग काप.

मामा, तुम्हाला हे तेव्हाच लिहायला हवं होतं. तुमचं ते एक मार्चचं पत्र आलं, तुम्ही मामीला वाचून दाखवलंत, घड्याळवाल्याला सांगितलंत, आणि माझा हात धजावेना. पण तुमचं मन राखणं हे निम्मंच. खरं कारण दुसरं आहे. मला वाटलं, ठकूला आता आपलं आपण येतं असं तुम्हाला कळलं की तुम्ही पत्रं लिहायचं थांबवाल. फोनवर आपण दोघं काय बोलतो? पाऊसपाणी. आणि तेही मामीच बोलते. पत्रात तुम्ही माझ्याशी बोलता. त्याच्यासाठी मी अजून वर्षभर अडाणी राहिले असते.

मालकीणबाईंचं पाकीट मी त्यांना दिलेलं नाही. ते इथे उशीखाली आहे, बंदच. तुम्ही सांगाल तर परत पाठवते.

आणि ठरलं आहे. काल त्यांनी मला बोलावलं. एक तारखेपासून मशीन माझं, आणि सगळ्या जोड्यांचा हिशोबही. मला वाटलं होतं काही भाषण करतील. म्हणाल्या, तुझ्या टेबलावरचा दिवा लुकलुकतो, तो बदलून घे. मी बाहेर आले तेव्हा काकांनी विचारलं काय झालं. मी सांगितलं. ते म्हणाले, चालेल. मग खोकला आवरत पुन्हा म्हणाले, नाही नाही, हे उत्तम आहे.

तुमची
ठकू


३० मार्च

चि. ठकूस,

आशीर्वाद. पिशवी रिकामी केली. मामीनं शर्टाला इस्त्री केली.

तुझं पत्र आल्यावर मी पत्रा स्वच्छ पुसून शेपट्या मांडल्या. मग दुसऱ्या संख्येच्या मांडल्या, मग तिसऱ्या. तुझं बरोबर आहे. मी चुकलो. हे वाक्य लिहायला मला वेळ लागला, तेव्हा तू ते निदान दोनदा वाच.

पण तुलाही सोडणार नाही. तू लिहितेस की दर वेळी बाकी आठच उरते. पहिल्या भागाकाराला बाकी दोन उरते आणि दुसऱ्याला आठ. आठ तिथून पुढे उरते. करून बघ. अकराला बारानं भागताना आधी ११०, नऊ वेळा १०८, बाकी दोन. मग वीस, एकदा बारा, बाकी आठ. त्यानंतर तुझे सहा सुरू. 'दर वेळी' हा शब्द चूक आहे. माझे नऊ आणि शून्यं चुकली म्हणून तुझे शब्द मोकाट सोडायचे असं नाही.

पत्रं थांबवण्याबद्दल तू जे लिहिलंस त्याला मी काय उत्तर देऊ मला सुचलं नाही. मामी म्हणाली, मग जे सुचतं ते लिहा. मला हिशोब सुचतो. तर ऐक.

खेळण्यांच्या कारखान्यातून एक काम आलंय. चावीवर फिरणारा चक्री पाळणा, त्याची दोन चाकं. कागदावर प्रमाण आहे ०.३४२८५७१४२८५७१... . तीन एकदाच येतो. पुढे ४२८५७१ हे सहा अंक फिरतात, न दमता. नियमानं मी करू शकतो, पण आता माझ्या नियमाकडे मी जरा तिरक्या नजरेनं बघतो. म्हणून शेपट्यांनी केलं. दहापट एक मांडली, आणि एक कोटीपट दुसरी. वजा करताना घाम फुटला. उत्तर आलं आहे. सुंदर आलं आहे, आणि म्हणूनच मला त्याचा भरवसा नाही.

ते मी तुला सांगणार नाही. तू तुझं काढ, ताळा कर आणि पाठव. दोघांची उत्तरं जुळली तरच चाक कापीन. ब्लँक मशीनवर बांधून ठेवलाय, कटर वर उचललेला आहे. खेळणेवाल्याला सांगितलंय की हिशोब दुसऱ्या गावाहून तपासून यायचा आहे. कुणाकडून, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, गिअरच्या कारखान्यात बसतात, त्यांच्याकडून.

घाई करू नकोस. घाई केली की काय होतं ते मला आता माहीत आहे.

मालकीणबाईंचं पाकीट चुलीत घाल, किंवा जे काही पेटतं त्यात.

तुझा
मामा

ठकू, हे पत्र लिहायला यांनी चार दिवस लावले. खेळणेवाला रोज सकाळी दारात येऊन उभा राहतो आणि हे रोज त्याला, पत्र यायचंय, म्हणून परत पाठवतात. मी लग्न होऊन आल्यापासून यांनी कुणासाठी मशीन थांबवलेलं बघितलं नाही. मी खेळणेवाल्याला चहा देते आहे. पण तो आता साखर जास्त मागायला लागलाय, तेव्हा फार वेळ लावू नकोस. — मामी